ऊदा म्हणजे उदी नव्हे

मी गालिच्यांच्या कामात आयुष्य घालवलं असं सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, "म्हणजे काश्मीरला होता का?" नाही हो. चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्यात होतो. मूलच्या पुढं, जिथं रस्ता एकदा सागवानात शिरला की बराच वेळ बाहेर निघत नाही, तिथल्या एका गावात. गडचिरोली तेव्हा आमच्याच जिल्ह्यातलं एक गाव होतं. आज तिथं ना ते माग राहिले ना तेवढ्या मेंढ्या, त्यामुळं गावाचं नाव सांगून तरी काय करू! पण एकोणीसशे पन्नासच्या दशकात तिथं एक सरकारी लोकर केंद्र होतं, आणि तिथले गालिचे नागपूरच्या बंगल्यांपर्यंत गेलेले मी माझ्या हातानं बांधून दिले आहेत.

मी त्या केंद्राचा बाबू. बाबू म्हणजे कारकून, कोठाराच्या किल्ल्या सांभाळणारा आणि 'बोल' वाचणारा. पहिल्या दोन कामांत काही मजा नव्हती. तिसऱ्यात फार होती, आणि त्यातच मी माती खाल्ली.

आधी काम समजावून सांगतो, नाहीतर चूक कळायची नाही. आमच्या भागात कुरमार धनगरांची वस्ती. बायका लोकर कातणार, पुरुष घोंगड्या विणणार, हे पिढ्यान् पिढ्या चाललेलं. कुणाच्या तरी डोक्यात आलं, की लोकर यांच्या बोटांत आहेच तर यांना गालिचा शिकवावा. पण घोंगडी विणतात आणि गालिचा गाठतात, हा मोठा फरक. उभ्या मागावर सुताचे ताणे ताणलेले असतात. दोन तारांभोवती लोकरीचा धागा फिरवायचा, खाली ओढायचा आणि छुरीनं कापायचा. झाली एक गाठ. ओळ भरली की आडवा धागा घालायचा आणि लोखंडी पंजानं ठोकून बसवायची. मग पुढची ओळ. तीन महिने बसा असे, तेव्हा कुठं एक मोठा गालिचा उतरतो. लोक त्यावरून चपला घालून चालतात तेव्हा मी अजून मधेच टोकतो.

कोणत्या गाठीला कोणता रंग, हे विणणारीनं डोक्यात ठेवायचं नसतं. ते एकानं मोठ्यानं सांगायचं. त्यालाच आम्ही बोल म्हणायचो. "तीन लाल, एक पांढरा, दोन बदामी!" असं मी ओरडायचो, आणि मागासमोर ओळीनं बसलेल्या बाया गाठी मारून एका सुरात म्हणायच्या, "भरला!" दिवसभर हेच. एकदा बाजाराला आलेले एक म्हातारबुवा पागोटं काढून दारात हात जोडून बसले. अर्धा तास ऐकलं, आणि मग हळूच मला विचारलं, "पोथी कोनती लावली जी?" एका लाकूड ठेकेदाराला तर गालिच्यावर वाघ हवा होता. आम्ही वाघ काढला. तो पाहून ठेकेदार म्हणाला, "मांजर चांगलं आहे, पण मी वाघ सांगितला होता." नेलं मात्र त्यानं, आणि भिंतीवर टांगलं.

हे सगळं शिकवायला मिर्झापूरकडून एक कारागीर आणले होते. रमजान उस्ताद. पन्नाशीचे, उंच, थोडे वाकलेले, बोटांच्या टोकांना घट्टे. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण अख्खा गालिचा डोक्यात. कुठली नक्षी कुठं वळते, कुठं फूल मिटतं, ते डोळे मिटून सांगत. ते त्यांच्या हिंदीत सांगायचे, मी देवनागरीत वहीत उतरून घ्यायचो, आणि मग त्या वहीवरून बोल वाचायचो. त्यांच्या सुर्खचं लाल करायचं, सफेदचं पांढरं करायचं, एवढं भाषांतर माझ्याकडं होतं. मॅट्रिकला मराठीत शाळेत पहिला आलो होतो मी. त्याची मिजास केवढी होती म्हणून सांगू!

त्या वर्षी चांद्याच्या एका सरकारी बंगल्यासाठी मोठ्या गालिच्याची मागणी आली. मधली जमीन लाल आणि चारी बाजूंनी फुलांची किनार. केंद्राचं पुढं काय करायचं ते खात्याचे मोठे साहेब हा गालिचा पाहूनच ठरवणार होते, असा निरोप होता. उस्तादांनी पावसाळा सरता सरता सगळी लोकर स्वतः रंगवली. तेव्हा आमच्या बाया धान कापायला गेलेल्या, त्यामुळं कढईत कोणते रंग उकळले ते त्यांनी पाहिलं नव्हतं. मीही नाकाला रुमाल लावून लांब राहिलो. रंगवलेल्या लोकरीची पोती कोठारात रचली गेली. उस्तादांनी नक्षीचा सगळा नकाशा सांगून माझ्याकडून वहीत उतरवून घेतला, माग लावला, पहिल्या सुती पट्ट्या घातल्या, आणि दुसऱ्या दिवशी थंडी वाजून पडले.

हिवताप. आमच्याकडं तो पाहुण्याला सोडत नसे. तीन आठवडे उस्ताद खोलीत पांघरुणाखाली, आणि वर क्विनाईनच्या कडू गोळ्या. त्या गोळ्यांनी त्यांचे कान गुंग झाले, हाका मारल्या तर ऐकू जाईना. माग थांबवून चालणार नव्हतं. मी वही उघडली आणि बोल सुरू केले.

किनारीचं पहिलं फूल आलं, आणि वहीत शब्द आला: ऊदा.

"बाबू, ऊदा म्हंजे कोनता जी?" पोचूबाईनं विचारलं. ही आमच्या बायांची म्होरकी. हात सगळ्यांत चपळ आणि तोंडही.

"उदी," मी म्हणालो. एक क्षणही थांबलो नाही. "उदी म्हणजे आपल्या मेंढीच्या पाठीचा रंग. काळपट तपकिरी."

"मंग त्याले रंगवाचं काम काय? आपल्याकडे तसंच कातलेलं हाय."

"म्हणून तर उस्तादांनी तो घेतला असेल. फुकटचा रंग."

बाया हसल्या. कोपऱ्यात न रंगवलेल्या लोकरीची टोपली होती, ती त्यांनी पुढं ओढली, आणि पहिलं फूल उदी भरलं. मला वाटलं, आपण केवढे हुशार!

तीन आठवड्यांत किनारीची खालची बाजू पूर्ण झाली आणि मधली जमीन वर चढायला लागली. दोन्ही कडांना फुलं होतीच, म्हणजे प्रत्येक ओळीत उदी येत होताच. एके दिवशी लाल लोकर काढायला कोठारात गेलो. वरची पोती रिकामी झाली होती. तळाशी एक पोतं जसंच्या तसं बांधलेलं. सोडून पाहिलं तर आत जांभळी लोकर. पिकल्या जांभळासारखी, भरगच्च, एक लड कमी झालेली नाही.

उस्तादांनी एवढी लोकर उगाच रंगवली नव्हती. ऊदा म्हणजे जांभळा. हिंदीत ऊदा म्हणजे जांभळा, आणि मराठीत पहिला आलेल्या या शहाण्यानं त्याचा उदी केला होता!

खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला फक्त माझी नोकरी दिसली. नोकरी कच्ची होती. गालिचा उसवायचा म्हणजे बायांची तीन आठवड्यांची बोटं वाया, साहेबांकडं खबर, आणि माझी घरी रवानगी. मी पोतं पुन्हा बांधलं आणि त्यावर रिकाम्या पोत्यांचा ढीग रचला.

उस्ताद उठले. काठी टेकत मागाजवळ आले. खूप वेळ गालिच्याकडं पाहत राहिले. मग फुलावर हात ठेवला आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "बाबू, ऊदा निकाला था?"

"हो उस्ताद," मी म्हणालो. "सगळा काढला. लागला सगळा."

त्यांनी मान हलवली आणि काठी टेकत खोलीकडं वळले. मला वाटलं, सुटलो! आता विचार केला की स्वतःची लाज वाटते, पण तेव्हा मी बाहेर जाऊन चहा पिऊन आलो होतो.

त्या दिवसापासून उस्ताद बदलले. आधी ते प्रत्येक ओळ पाहायचे, वाकडी गाठ दिसली की बायांना चिडवायचे. "पोचूबाई, यह फूल है कि पकौड़ा?" हा त्यांचा लाडका टोमणा. ते सगळं बंद झालं. आता ते मागाच्या पलीकडं पाठ भिंतीला टेकवून बसायचे आणि नुसत्या हातानं गालिच्याची मागची बाजू चाचपायचे. नजर बाहेर. बाजाराच्या दिवशी भाजी आणायला जायचे, तेही सोडलं.

"उस्तादाचं काईतरी बिनसलं हाय, बाबू," पोचूबाई मला म्हणाली. "गालिच्याकडे पायते आन् तोंड फिरवून घेते. तुमी विचारा ना. तुमचं ऐकते ते."

"ताप गेलाय, अशक्तपणा आहे," मी म्हणालो.

"अशक्तपना असा नसते," ती म्हणाली आणि माझ्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं.

असे दोन महिने गेले. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी फुलांच्या रंगाचं नाव काढलं असतं, आणि ती चूक माझी होती. एवढ्यासाठी मी एका माणसाला दोन महिने भिंतीला पाठ लावून बसू दिलं.

गालिचा मागावरून उतरला. कातरीनं वरची लोकर सारखी केली. खोटं नाही, देखणा दिसत होता. लाल जमीन आणि कडेनं ती उदी फुलं, जंगलातल्या सुकल्या पानांची आठवण यावी अशी. साहेब दुसऱ्या दिवशी येणार होते. दुपारी बाया जेवायला गेल्यावर उस्ताद माझ्या टेबलाशी आले.

"बाबू, एक चिट्ठी लिख दे. छोटे भाई को."

त्यांची पत्रं मीच लिहायचो. मी दौत पुढं ओढली. ते सांगू लागले. आधी सगळ्यांना सलाम, मग पाऊसपाणी. आणि मग म्हणाले:

"लिख, कि मेरी आँखें जा रही हैं. अब्बा की तरह. अब्बा के भी पहले रंग गए थे, फिर रोशनी. बुख़ार के बाद से ऊदा मुझे भूरा दिखता है. औरतें ऊदा भरती हैं, मुझे भूरा दिखता है. यह काम अब ईमान से नहीं कर सकता. कल साहब आएँगे तो मैं ख़ुद कह दूँगा. मैं घर आ रहा हूँ. अब तुम लोगों पर बोझ हूँ."

माझा टाक कागदावर थांबला होता. शाईचा डाग पसरत होता.

"लिखा?"

"लिहितोय," मी म्हणालो.

आणि लिहिलं मी, सगळं. त्यांचे डोळे अगदी ठणठणीत होते. गालिच्यात भुराच, म्हणजे आपला उदीच होता, आणि त्यांना भुराच दिसत होता. मी एक शब्द बोललो असतो तर ते तिथंच बरे झाले असते. पण मी टीपकागदानं डाग टिपला. पत्राची घडी केली, खिशात घातली आणि म्हणालो, "टाकतो." टाकलं मात्र नाही. तेवढी अक्कल शिल्लक होती.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला साहेबांची जीप आली. साहेब नागपूरचे, मराठी माणूस, शिस्तीचा. त्यांनी गालिचा उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला, पोचूबाईच्या बोटांचे घट्टे पाहिले. मग माझ्याकडून वही मागितली आणि बोल आणि गालिचा ताडून पाहू लागले.

"तीन सुर्ख... तीन लाल. बरोबर. एक सफेद, बरोबर. दोन..." त्यांनी चष्मा वर केला. "ऊदा."

ते फुलावर वाकले. मी डोळे मिटले.

"ऊदा, म्हणजे उदी," साहेब म्हणाले. "बरोबर. छान जमलाय उदी."

आणि त्यांनी नोंदवहीत शेरा लिहिला. काम नकाशाबरहुकूम, रंग उत्तम, केंद्र चालू ठेवावे. खाली झोकदार सही.

मी सुटलो होतो. जी चूक मी केली तीच नागपूरच्या साहेबांनी केली होती, आणि तीही लेखी. आता जगात कुणालाच काही कळणार नव्हतं. बाया एकमेकींना कोपरं मारून हसत होत्या. केंद्र वाचलं, माझी नोकरी वाचली. मी मागाच्या खांबाला टेकलो.

तेवढ्यात उस्ताद पुढं झाले. डोक्यावरची टोपी नीट केली आणि हात जोडले.

"साहब, मेरी एक अर्ज़ है."

"बोला उस्ताद."

"साहब, मैं अब इस काम के..."

"साहेब, ऊदा म्हणजे उदी नव्हे!"

हे मी बोललो. मोठ्यानं, बोल वाचतो त्याच आवाजात. सगळे माझ्याकडं वळले. मी कोठाराकडं धावलो, रिकामी पोती भिरकावली आणि तळचं पोतं ओढत ओढत बाहेर आणलं. गाठ सुटेना म्हणून छुरीनं कापली. जांभळी लोकर साहेबांच्या बुटांवर सांडली.

"हा ऊदा," मी म्हणालो. "उस्तादांनी हा रंगवला होता. मी वाचताना त्याचा उदी केला. मला कळलं तेव्हा मी हे लपवलं. उस्ताद, तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो."

उस्ताद हळूहळू खाली बसले. एक लड उचलली आणि दाराशी उन्हात नेली. खूप वेळ पाहिली. मग गालिच्याकडं बोट केलं.

"यह ऊदा है?"

"हो."

"और वह... भूरा है?"

"हो उस्ताद. भुराच आहे. पहिल्या दिवसापासून भुरा."

"मतलब मुझे ठीक दिखता है?"

"अगदी ठीक दिसतं तुम्हाला."

त्यांनी ती लड तोंडावर धरली आणि ओक्साबोक्शी रडायला लागले. मग त्यातच हसायला लागले. उठले, माझ्याजवळ आले आणि कानाखाली एक अशी ठेवून दिली की मला खरोखरच सगळे रंग दिसले. आणि लगेच मला कवटाळलं. "अरे नालायक! दो महीने! बाज़ार में बैंगन देखता था तो मुँह फेर लेता था, कि कहीं वह भी भूरा न दिखे!"

"अवं माय!" पोचूबाई कपाळाला हात लावून म्हणाली. "डोरे चांगले हायेत आन् मानूस दोन महिने आंधरा होऊन बसला! बाबू, आमाले तरी सांगाचं होतं जी!"

साहेब गोंधळून एकदा वहीकडं, एकदा पोत्याकडं पाहत होते. "म्हणजे हे चुकलंय? पण मी तर बरोबर लिहून बसलो. आणि शाईनं." त्यांनी थोडा विचार केला. मग नोंदवही मिटली. "उदीच चांगला दिसतोय. बंगल्यात कुणाला कळणार आहे? आणि तुम्ही, बाबू, आधी हिंदी शिका."

त्यांचं पुढचं बोलणं कुणी ऐकलं नाही, कारण उस्ताद अंगणात गेले होते. केंद्रासमोर पळस फुलला होता, पलीकडं कौलारू घरं, आणि पोचूबाईच्या मेंढ्या कुंपणाशी उभ्या. उस्ताद मधोमध उभे राहिले आणि बोल द्यायला लागले. त्यांचा पहिल्यासारखा आवाज मी दोन महिन्यांनी ऐकत होतो.

"एक टेसू, नारंगी!"

बाया दारात जमल्या. सवयीनं त्यांच्या तोंडून निघालं, "भरला!"

"दो छप्पर, सुर्ख!"

"भरला!"

"चार भेड़, भूरी! ऊदी नहीं, भूरी!"

"भरला!" आणि बाया हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. मी खांबाला टेकून रडत होतो. इतकं मोकळं मला आयुष्यात पुन्हा कधी वाटलं नाही, लग्नातही नाही.

नोकरी राहिली. गालिचा चांद्याला गेला, उदी फुलांसकट, आणि जांभळ्या लोकरीचा उस्तादांनी पुढं एक वेगळा गालिचा केला, तोही चांगला झाला. पण ते दोन महिने मला परत करता आले नाहीत. उस्तादांनी पुन्हा कधी तो विषय रागानं काढला नाही, म्हणून जास्त लागतं.

साहेब गेले त्याच दुपारी ते पुन्हा माझ्या टेबलाशी आले. "वह चिट्ठी डाल दी?"

मी खिशातून काढून दिली. त्यांनी ती फाडली आणि म्हणाले, "दूसरी लिख. लिख, कि सब रंग अपनी जगह पर हैं. बाक़ी ख़ैरियत."

मी तेवढंच लिहिलं आणि या वेळी खरंच टाकलं. पहिलं पत्र त्या बिचाऱ्या भावाला कधी मिळालंच नव्हतं. महिन्याभरानं त्याचं कार्ड आलं. उस्ताद मागासमोर बसले होते, बाया गाठी मारत होत्या, आणि कार्ड नेहमीप्रमाणं मलाच मोठ्यानं वाचावं लागलं. त्यात सलाम होता, पोरांची खुशाली होती, आणि शेवटी भावानं विचारलं होतं, "भैया, रंग कहाँ गए थे?"

उस्तादांनी पंजा खाली ठेवला आणि माझ्याकडं बघून मिशीत हसले.

"बता, बाबू. कहाँ गए थे?"

"कोठारात, उस्ताद," मी म्हणालो. "सगळ्यांत खालच्या पोत्यात."